मंडळी वाढते, आवडी वेगळ्या: तरीही एकत्र सेवा कशी करायची

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, सहावा अध्याय, पहिलं वचन. शिष्यांची संख्या वाढत होती आणि कुरकुर सुरू झाली, या दोन्ही गोष्टी तिथे एकाच दमात सांगितल्या आहेत. ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की रोजच्या वाटणीत आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं. यरुशलेमेतली पहिली मंडळी, म्हणजे पहिलं चर्च, प्रेषित स्वतः हजर, तरीही हे घडलं. म्हणून तुमच्या मंडळीत माणसं वाढल्यावर गाण्यांवरून, वेळेवरून किंवा प्रभुभोजनाच्या (भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या) पद्धतीवरून ताण येऊ लागला, तर आत्मिक घसरण झाली असं लगेच धरून चालू नका. वाढ झाली की हे येतंच. त्याचं पुढे काय करायचं, एवढाच प्रश्न असतो.

आपल्याकडे हा प्रश्न कसा उभा राहतो ते पाहा. पिंपरी-चिंचवड, वाळूज, सातपूर, कल्याण अशा ठिकाणच्या एखाद्या मराठी मंडळीत अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) गावचं कुटुंब असतं. वाशीम-बुलढाण्याकडचं नाझरीन चर्चचं घराणं असतं, अकोला-अमरावतीकडचं अलायन्स चर्चचं असतं, मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) वाढलेला एखादा गृहस्थ असतो. शिवाय दोन-चार वर्षांपूर्वी विश्वासात आलेली, कुठलीच जुनी सवय नसलेली माणसं असतात. कुणी छापील उपासनाक्रमावर वाढलेला, कुणाच्या लेखी सगळ्यांनी एकदम मोठ्याने प्रार्थना केली नाही तर सभाच झाली नाही. पंचवीस घरं होती तेव्हा पाळकसाहेबांच्या घरी चहावर सगळं ठरायचं. शंभर घरं झाली की ते जमत नाही, आणि नेमकं तिथेच घोडं अडतं.

हा लेख पंचकमिटीत (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत), गायनमंडळात, संडे स्कूलमध्ये, महिला मंडळात आणि तरुण संघात प्रत्यक्ष काम करणाऱ्यांसाठी आहे. आवड दाबून ठेवून एकत्र राहता येत नाही, आणि आवडीला विश्वासाचं नाव देऊनही राहता येत नाही, असं माझं ठाम मत आहे. आवड ही आवड म्हणून उघडपणे सांगायची आणि सेवा मात्र तिच्यावर अडवून धरायची नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या याच विचारातून आल्या आहेत.

पायरी १: वाद कशाचा आहे ते आधी ठरवा

प्रत्येक मतभेद तीनपैकी एका गटात टाका. पहिला गट विश्वासाच्या गाभ्याचा: ख्रिस्त कोण, त्याचं मरण आणि पुनरुत्थान, तारण कृपेने. दुसरा गट मंडळीच्या शिकवणुकीचा आणि शिस्तीचा: बाप्तिस्मा कुणाला आणि कसा, प्रभुभोजन कुणी द्यायचं, मंडळीचे वडील, म्हणजे ज्येष्ठ पुढारी, कसे नेमायचे. तिसरा गट आवडीचा आणि सवयीचा: पेटी की कीबोर्ड, बाक की सतरंजी, डोक्यावर पदर, टाळ्या, हिंदी गाणी, उपासना दीड तासाची की अडीच.

वाद कुठल्या गटातला हे कळत नसेल तर स्वतःला एक प्रश्न विचारा: दुसऱ्या गावच्या मंडळीत हीच गोष्ट वेगळ्या पद्धतीने होत असेल, तर पाहुणा म्हणून मी तिथे प्रभुभोजन घेईन का? “घेणारच नाही” असं मनापासून उत्तर आलं, तर गोष्ट पहिल्या गटातली. “घेईन, पण तिथला सभासद होणार नाही” असं आलं, तर दुसऱ्या. “घेईन, त्यात काय?” असं आलं, तर ती आवड आहे. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न सोडवून पाहावा. बहुतेक वाद तिसऱ्या गटात जाऊन पडतात.

दुसऱ्या गटातले मतभेदही एकत्र काम करण्याच्या आड आलेच पाहिजेत असं नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं. त्यात अँग्लिकन होते, काँग्रिगेशनल आणि प्रेस्बिटेरियन परंपरेचे होते, बाप्टिस्ट होते, ब्रदरन होते, डिसायपल्स होते, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्टही होते. बिशप असावा की नसावा, बालकांचा बाप्तिस्मा करावा की विश्वास कबूल केल्यावरच, हे साधे वाद नव्हेत. बोलणी १९२९ पासून चालू होती, म्हणजे चाळीस वर्षांवर. शेवटी बाप्तिस्म्याच्या दोन्ही पद्धतींना जागा दिली गेली. मेथडिस्ट चर्च इन सदर्न एशिया अखेरच्या टप्प्यावर बाहेर राहिलं, हेही खरं आहे. सगळे आले नाहीत. पण जे आले त्यांनी काय सोडायचं आणि काय ठेवायचं हे कागदावर लिहून ठरवलं. आपल्या पंचकमिटीलाही तेवढंच करायचं आहे, फार लहान प्रमाणात.

मुक्तिफौजेचं उदाहरण मुद्दाम लक्षात ठेवा. त्या परंपरेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन हे विधी पाळत नाहीत. तिथून आलेला माणूस प्रभुभोजनाच्या वेळी बाकावर बसून राहिला तर तो रुसला आहे असं समजू नका. पाळकांनी त्याच्या घरी जावं, निवांत बोलावं, आणि तो विचार करत असेपर्यंत त्याला आजारी भेटीच्या किंवा अन्नवाटपाच्या कामात जरूर घ्यावं.

रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच पायरीसाठी आहे. एक जण सर्व खातो, दुसरा भाजीपालाच खातो; एक जण दिवस पाळतो, दुसऱ्याला सगळे दिवस सारखे. पत्र लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं स्वतःचं मत तिथे स्पष्ट आहे, की मुळात कुठलाच पदार्थ अशुद्ध नाही. तरीही खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये, असं तो दोघांनाही बजावतो. मत असणं वेगळं आणि त्या मताने भावाला तोलणं वेगळं.

पायरी २: आवडीखाली गरज दडली आहे का पाहा

वाद अंगावर घेण्याआधी घरोघरी जा. दोघांनी जावं, एक जुन्या कुटुंबातला आणि एक नव्या. प्रश्न एकच विचारावा: “ही गोष्ट बंद झाली तर तुमचं काय अडेल?” आणि मग गप्प बसून ऐकावं.

पुस्तकातूनच गायचं असा हट्ट धरणाऱ्या आजींना मोतीबिंदूमुळे पडद्यावरचं दिसत नसतं. गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायला नको म्हणणाऱ्या काकांचे गुडघे गेलेले असतात, पण ते चारचौघांत सांगायची त्यांना लाज वाटते. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना मराठी उत्तम बोलता येतं, पण देवनागरी वाचताना ती मागे पडतात, म्हणून गाण्याच्या वेळी गप्प राहतात, आणि मोठ्यांना वाटतं की त्यांना रस नाही.

वेळेचंच घ्या. पिंपरी-चिंचवड, भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. रविवारी सकाळी तिथला कामगार पाळीवर असतो. तो संध्याकाळची उपासना मागतो तेव्हा सोय बघत नसतो. त्याला दुसरा मार्गच नसतो.

तेव्हा गरज आणि आवड यांच्या दोन वेगळ्या याद्या करा. गरजांच्या यादीवर मतदान नको, त्या पुरवायच्याच: मोठ्या टाइपातली पुस्तकं, पुढच्या रांगेत राखीव खुर्च्या, बाकावर जागेवर प्रभुभोजन, पडद्यावर मोठी आणि सुटी अक्षरं. हे झाल्यावर उरलेल्या वादातली निम्मी हवा निघून जाते.

एक गोष्ट अवघड आहे, पण बोलली पाहिजे. कधी कधी गाण्याच्या वादाखाली गाणं नसतंच, भावकी असते. कुठल्या गावचे, कुठल्या मिशनचे, कुणाच्या आजोबांनी मंदिराला जागा दिली, असलं काहीतरी असतं. तसं दिसलं तर गाण्यावर तडजोड करून काही साधणार नाही. पाळकांनी आणि ज्येष्ठांनी तो विषय त्याच्या खऱ्या नावाने त्या माणसांपुढे काढावा.

पायरी ३: गाणी

सर्वांत जास्त दुखावणारा विषय हाच, म्हणून इथे जरा थांबू.

‘उपासना संगीत’ हे गीतपुस्तक हाती धरून वाढलेल्या पिढीला नवी स्तुतिगीतं उथळ वाटतात आणि तरुणांना जुनी गीतं संथ वाटतात. दोघांनीही थोडा इतिहास आठवावा. मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या काळात अभंगाच्या वळणाची गीतं, भजन आणि कीर्तन मराठी मंडळीत रुजवलं. मिशनऱ्यांकडून आलेल्या पाश्चात्त्य चालींची सवय असलेल्यांना ते नवंच होतं. आज ज्येष्ठ ज्याला आपलं जुनं म्हणतात ते एकेकाळचं नवं आहे. आणि तरुणांनी हे लक्षात घ्यावं की ते टिकलं ते त्यातल्या शब्दांच्या बळावर.

आता प्रत्यक्ष काम. चार जणांची गीत समिती करा: कीबोर्ड किंवा पेटी वाजवणारा एक, तबलजी, साठीच्या पुढचं एक माणूस आणि पंचविशीच्या आतलं एक. समितीने पुढच्या रविवारचं शास्त्रवाचन समोर ठेवून गाणी निवडावीत. पाच गाणी असतील तर त्यातलं एक आजी-आजोबांना तोंडपाठ असलेलं हवं आणि एक संडे स्कूलच्या मुलांना येणारं. नवं गाणं महिन्याला एकच, आणि ते चारही रविवार घ्यायचं, म्हणजे महिनाअखेरीला ते सगळ्यांचं होतं. यादी गुरुवारपर्यंत सगळ्यांना मिळावी आणि शनिवारी तालीम व्हावी.

सुराकडे फार थोड्या ठिकाणी लक्ष दिलं जातं. रेकॉर्डिंगमधला गायक ज्या पट्टीत गातो तीच पट्टी तरुण उचलतात. त्या पट्टीत वरच्या ओळी ना पुरुषांना पेलतात, ना वयस्क स्त्रियांना, आणि अर्धी मंडळी तोंड मिटून उभी राहते. कीबोर्डवाल्याला बटण दाबून पट्टी उतरवता येते, पण तबला एकाच सुरात लावलेला असतो. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) लावलेला तबला पुढच्या गाण्याला काळी तीनवर नेता येत नाही. तबलजीला हातोडी घेऊन बसावं लागतं, नाहीतर तो थांबतो आणि मग “आता आमची गरजच उरली नाही” असं त्याच्या मनात येतं. उपाय साधा आहे. यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी लिहा आणि एका पट्टीची गाणी लागोपाठ ठेवा. पट्टी बदलायचीच असेल तर मध्ये वाचन किंवा प्रार्थना येऊ द्या. पट्टी ठरवताना चांगला आवाज असलेल्याला विचारू नका. मागच्या बाकावरच्या, गळा नसलेल्या माणसाला वरची ओळ म्हणायला सांगा. त्याला जमली की मंडळीला जमली.

आवाजासाठीही एक कसोटी ठेवा. शेवटच्या बाकावर उभं राहून शेजारच्याचं गाणं ऐकू येतंय का पाहा. येत नसेल तर स्पीकर कमी करा. मंडळीचा आवाज ऐकू यायला हवा, मग वाद्यं कुठलीही असोत.

‘तरुणांचा रविवार’ आणि ‘ज्येष्ठांचा रविवार’ अशी वाटणी करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. वाटणी झाली की ज्याचा रविवार नाही तो घरी राहतो आणि वर्षभरात एका छपराखाली दोन मंडळ्या तयार होतात. जागा अपुरी पडते म्हणून दोन उपासना कराव्या लागल्या तर त्या वेळेनुसार करा, शैलीनुसार नको. दोन्हीकडे उपदेश तोच, गाणी तीच, आणि महिन्यातून एकदा प्रभुभोजनाची उपासना सगळ्यांची मिळून, भले मांडव घालावा लागला तरी.

तरुणांना आणखी एक सांगणं आहे. कुणाच्या मातीला गेल्यावर कबरेपाशी पडदा नसतो, कीबोर्ड नसतो. तिथे दुःखी घराला जी गीतं हवी असतात ती जुनी असतात आणि ती पाठ असावी लागतात. तरुण संघाने वर्षात निदान दहा जुनी गीतं चालीसकट पाठ करावीत. ही सेवाच आहे.

पायरी ४: सभा कशी घ्यायची

प्रेषितांच्या कृत्यांच्या त्याच सहाव्या अध्यायात प्रेषितांनी तक्रार करणाऱ्यांना बंडखोर ठरवलं नाही. सगळ्या शिष्यांना बोलावलं, माणसं कशी हवीत ते सांगितलं आणि निवड त्यांच्यावर सोपवली. निवडलेल्या सातांची नावं पाहा: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. सगळी ग्रीक. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती वाटणी दिली गेली असं त्यावरून दिसतं.

आपल्या सभेसाठी हा क्रम ठेवा. विषय निदान एक आठवडा आधी लेखी कळवा. ऐन वेळचे विषय फक्त तातडीचे. सभेत प्रत्येक जण एकदा बोलेपर्यंत कुणीही दुसऱ्यांदा बोलणार नाही, हा नियम अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगावा आणि पाळून घ्यावा. आपल्याकडे मोठ्या आवाजाचे चार जण बोलतात आणि बाया, तरुण, नवे सभासद ऐकून घरी जातात. गप्प राहिलेल्याला अध्यक्षांनी नावाने विचारावं: “ताई, तुमचं काय म्हणणं?”

वाद तापला तर दोन्ही बाजूंच्या एकेकाने समोरच्याचं म्हणणं आधी सांगावं आणि समोरच्याने “हो, हेच म्हणत होतो” असं म्हटल्यावरच स्वतःचं पुढे मांडावं. समजा, प्रभुभोजनात एकच प्याला असावा की छोटे ग्लास, यावर वाद आहे. ग्लास मागणारी बहीण म्हणते, “काका, तुम्हाला एक प्याला हवा कारण त्यातून आपण एक आहोत हे दिसतं.” काका म्हणतात, “आणि तुला ग्लास हवेत कारण नवी माणसं उष्ट्याला बिचकून पुढेच येत नाहीत.” एवढं झालं की पुढची चर्चा माणसांवरून उतरून विषयावर येते.

आवडीचा निर्णय कायमचा करू नका. तीन महिन्यांसाठी करा, फेरविचाराची तारीख इतिवृत्तात लिहा आणि त्या तारखेला तो विषय खरोखर घ्या. तारीख पाळली नाही तर पुढच्या वेळी कुणी विश्वास ठेवणार नाही.

देणगीचाही नियम आधीच करून ठेवा. एखादं कुटुंब प्रेमाने ड्रमसेट देतं आणि मग तो दर रविवारी वाजलाच पाहिजे अशी अपेक्षा येते. वाद्य, खुर्च्या, स्पीकर, काहीही असो, देणगी कमिटी स्वीकारेल आणि वापर कमिटी ठरवेल, हे देणाऱ्याला आधी नम्रपणे सांगावं. नंतर सांगायला गेलं की मन दुखतं.

पायरी ५: कामाच्या जोड्या

ज्यांचं उपासनेच्या पद्धतीवर पटत नाही अशा दोघांना आवडीचा प्रश्नच येत नाही अशा कामावर एकत्र पाठवा. पुण्याच्या ससूनसारख्या सरकारी रुग्णालयात सभासद दाखल असेल तर डबा आणि सोबत लागते. जुनी गीतं की नवी, हे तिथे कुणी विचारत नाही. चार वेळा एका रिक्षातून गेल्यावर सभेतली भाषा बदलते.

प्रत्येक जबाबदारी जोडीने द्या, एक जुना आणि एक नवा: स्वागत, अर्पण मोजणं, संडे स्कूलचा वर्ग, साफसफाई, ध्वनियंत्रणा. मुदत सहा महिने. नव्या माणसाला सतरंज्या उचलण्यापुरतंच बोलवायचं आणि निर्णय जुन्यांनी घ्यायचे, हे फार दिवस चालत नाही. त्यालाही किल्ली द्या, हिशेबात घ्या. अर्पण मोजायला नेहमी दोन वेगळ्या घरांतली माणसं असावीत, यात विश्वासाचा प्रश्न नाही, ती चांगली पद्धत आहे.

हंगामाचा सण आणि नाताळचं प्रेमभोजन हीसुद्धा जोड्यांची कामं. करिंथच्या मंडळीत काही जण आधी जेवून घ्यायचे आणि काही उपाशी राहायचे, यावर पौल किती कडक शब्दांत बोलला ते करिंथकरांस पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. म्हणून पहिली पंगत नव्या कुटुंबांची आणि लेकुरवाळ्यांची, वाढायला पंच. मटण असेल तिथे शाकाहारी भांडं वेगळं आणि पुरेसं असावं. घरचा विरोध पत्करून येणारी काही माणसं मांसाहार करत नाहीत. त्यांना उपाशी परत पाठवू नका.

पायरी ६: बोलण्याची शिस्त

मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सूचना, प्रार्थनाविनंत्या आणि दुःखद बातम्या, एवढंच ठेवा. निर्णयांवर चर्चा नको. आणि एखाद्याला लागावं म्हणून शास्त्रवचन टाकणं पूर्ण बंद करा. देवाचं वचन टोमण्यासाठी वापरलं की ते वाचणाऱ्याच्या मनातून उतरतं, आणि हे नुकसान लवकर भरून येत नाही.

कुणाबद्दल काही असेल तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायातला क्रम धरा: आधी दोघंच, मग एक-दोन जण बरोबर घेऊन, मग मंडळी. आपण बहुधा उलट जातो, आधी मंडळीभर आणि सर्वांत शेवटी त्या माणसाकडे. कुणी तुमच्याकडे तिसऱ्याची तक्रार घेऊन आलं तर विचारा, “त्यांच्याशी बोललात का? चला, मी बरोबर येतो.”

फिलिप्पैकरांस लिहिताना पौलाने युवदीया आणि सुंतुखे या दोघींना नावानिशी एकचित्त होण्याची विनंती केली. त्याच ठिकाणी, त्यांनी सुवार्तेच्या कामात आपल्याबरोबर कष्ट केले, हेही लिहिलं, आणि त्यांना साहाय्य करायला एका सोबत्याला सांगितलं. दोन सेविकांचं पटेनासं झालं तर एका विश्वासू माणसाला मध्ये बसवायला कमीपणा वाटू देऊ नका.

पायरी ७: निर्णय आपल्याविरुद्ध गेला तर

सभेत आपलं मत पूर्ण मांडा, हवं तर विरोधी मत म्हणून इतिवृत्तात लिहून घ्या. नंतर फाटकाबाहेर दुसरी सभा भरवू नका. घरी मुलांसमोर पाळकांना नावं ठेवू नका. मुलं ते कधी विसरत नाहीत. फेरविचाराच्या तारखेपर्यंत आपलं ठरलेलं काम नेहमीसारखं करा. मनापासून जमत नसेल तर ते एक काम सोडा आणि दुसरं मागून घ्या, पण रविवार सोडू नका.

तरीही कधी वेगळं व्हायची वेळ येते. योहान मार्काला बरोबर न्यायचं की नाही यावरून पौल आणि बर्णबा यांच्यात कडाक्याचा वाद झाला आणि दोघं दोन दिशांना गेले. बर्णबा मार्काला घेऊन कुप्रला, पौल सीलासह सूरिया आणि किलिकियाकडे. पुढे तीमथ्याला लिहिताना पौल त्याच मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी उपयोगी आहे, असं सांगतो. म्हणून जाणाऱ्याने परत बोलता येईल असं जावं आणि राहणाऱ्यांनी परत बोलावता येईल असं निरोप द्यावा.

त्याची कामंही ठरलेली असू द्या. जाणाऱ्याने आधी पाळकांना समक्ष सांगावं, ग्रुपवर संदेश टाकून नाही. आपल्याकडच्या किल्ल्या, पावतीपुस्तकं, संडे स्कूलची हजेरी, यूट्यूब वाहिनीचा पासवर्ड दोन साक्षीदारांसमोर द्यावा. आपली जागा घेणाऱ्याला महिनाभर शिकवावं. कुणाला बरोबर ओढून नेऊ नये. पाळकांनी सभासदत्वाचं पत्र अडवून ठेवू नये, मागितल्यावर आठवड्याच्या आत द्यावं, आणि रविवारच्या उपासनेत त्या कुटुंबाला पुढे बोलावून, केलेल्या सेवेचा नावानिशी उल्लेख करून, सगळ्यांबरोबर त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.